भट्टीपासून तीन महिने

त्या सोमवारी पाव आणायला खाली उतरले, तर बेकरीच्या काउंटरवर भिंगरी उभा. मला वाटलं, वहिनीला बरं नसेल. मान लांब करून आत पाहिलं, तर वहिनी भट्टीसमोर. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हातात तिच्याहून उंच दांड्याचं लाकडी फळकं, आणि चेहरा लालबुंद.

"काय रे, आज सगळं उलटंपालटं?"

"उलटंपालटं कुठे काकू, जरा बदल," तो म्हणाला. "ब्रेड देऊ की बन?"

आम्ही या इमारतीत राहायला आलो त्याला वीस वर्षं झाली. ब्रेड की बन हे विचारायचं काम आधी भिंगरीच्या वडिलांचं होतं, ते गेल्यावर त्याच्या बायकोचं. भिंगरी स्वतः पंधराव्या वर्षापासून आत, भट्टीच्या तोंडाशी. भिंगरी हे नाव त्याला रस्त्यानेच दिलं, कारण त्याला एका जागी थांबलेलं कोणी पाहिलेलंच नव्हतं. इकडे पीठ तिंबलं, तिकडे ट्रे सरकवला, मधेच मागच्या दारातून डोकं बाहेर काढून कुणाला तरी हाक मारली, की पुन्हा आत. त्याची बायको माझ्याहून पुष्कळ लहान, पण सगळा रस्ता तिला वहिनी म्हणतो म्हणून मीही म्हणते.

आता तोच माणूस पंख्याखाली, काचेच्या कपाटामागे, दोन्ही हात काउंटरवर टेकून उभा होता. हात टेकलेले होते खरे, पण बोटं आपली पीठ मळत होती.

कारण मला तिसऱ्या दिवशी कळलं. मनगटावर फोड आला म्हणून वहिनी मलम मागायला वर आली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, फोडावर फुंकर घालत, तिने सगळं सांगितलं.

लग्नाला नऊ वर्षं झालेली. पहिली दोन वर्षं कोणी काही बोललं नाही, पुढची दोन आडून बोलले, मग उघड. सगळ्यात उघड बोलायची ती भिंगरीची मोठी बहीण. ती चार रस्ते पलीकडे राहायची, कपडे शिवायची. दातांत टाचण्या धरून बोलायची तिला सवय, त्यामुळे टाचण्या नसल्या तरी शब्द टोचतच बाहेर यायचे. "हिला एकदा कुणाला तरी दाखव," हे तिचं पालुपद. दाखवलं. सहा वर्षांत तीन डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासून झालं, पोटाचे फोटो झाले, गर्भाशयाच्या नळ्यांत औषध सोडून बघणं झालं, आणि ते दुखणं वहिनीने दात आवळून सोसलं. सगळं ठीक. प्रत्येक वेळी ती "सगळं ठीक आहे" असा कागद घेऊन घरी यायची आणि घरी सगळ्यांचं एकमत व्हायचं, की आणखी मोठ्या डॉक्टरला दाखवायला हवं. भिंगरीने तपासून घ्यायची गोष्ट निघायची, नाही असं नाही. पण त्याला वेळ कुठे होता? भट्टी काय मधेच विझवता येते?

चौथ्या डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी वहिनीची जाडजूड फाइल उघडलीच नाही. भिंगरीकडे बघून विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"पाव."

"म्हणजे उभे कुठे असता?"

"भट्टीसमोर. पहाटे चार ते दुपारी एक. परत संध्याकाळी."

"भट्टीचं तोंड केवढ्या उंचीवर?"

त्याने कमरेच्या जरा खाली हात धरून दाखवला. बाईंनी पेन उघडलं. त्याच्या नावाने तपासणीचा कागद लिहिला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. शुक्राणू फारच थोडे, आणि जे होते त्यातले बहुतेक जागचे हलतच नव्हते.

"या माणसाचे काकू, आणि जागचे हलत नाहीत!" वहिनी म्हणाली. तिला हसू फुटलं, मलाही फुटलं. मग तिचं हसू मधेच अडकलं आणि ती मलमाच्या डबीचं झाकण उगीच लावत-काढत बसली.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं. नक्की भट्टीमुळेच असं त्या छातीठोकपणे म्हणणार नव्हत्या, पण एकवीस वर्षं रोजची ती धग नडली असणार. शरीरात नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस भट्टीपासून लांब राहा, मग परत तपासू. थोडेसे जरी धड निघाले तरी पुरे. एका बीजाला एकच लागतो, तो आम्ही बारीक सुईने उचलून आत सोडू, बाकीचं प्रयोगशाळेत.

"तीन महिने?" भिंगरी तिथेच उठून उभा राहिला होता. "तीन महिन्यांपुरता भट्टीवाला कुठून मिळणार? बेकरी बंदच म्हणा ना."

"बंद कशाला?" वहिनी म्हणाली होती. "मला येतं की."

तिला येत नव्हतं. नऊ वर्षं काउंटरवरून मान वळवून बघितलं होतं, एवढंच.

"कुणाला बोलू नका हं काकू," जाताना ती म्हणाली. "यांना लाज वाटते."

"आणि तुझं काय? बोलणी तू खातेस ती?"

"मला सवय आहे," ती म्हणाली. "यांना नाही."

तिने ते इतक्या सरळपणे सांगितलं की मला राग कुणाचा धरावा तेच कळेना.

पहिले पंधरा दिवस पाव असे यायचे की बघवत नव्हते. भट्टीचा डावीकडचा मागचा कोपरा जास्त तापतो. भिंगरी ट्रे कधी फिरवायचा, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही, हातालाच कळायचं. आता हात काउंटरवर आणि भट्टी आत. तो मधल्या दाराच्या उंबऱ्यावर उभा राहायचा, कारण त्याच्यापुढे यायचं नाही म्हणून वहिनीने तिथे खडूने रेघ मारून ठेवली होती, आणि तिथून हवेत हात फिरवून दाखवायचा. "अगं, असं. असं गोल. नाही, आधी मागचा ओढ! रंग आला का? वास बघ ना, वासावरून कळतं!"

"तुम्ही गिऱ्हाईक बघा," आतून आवाज यायचा. "वास मी बघते."

आमच्या समोरच्या इमारतीत एक बस कंडक्टर राहतो. त्याचा बन रोजचा. त्याने एकदा बन उजेडात धरून सावकाश फिरवला. "एक बाजू आजची आणि एक कालची दिसतेय," तो म्हणाला. "काय भिंगरीशेठ, बढती मिळाली का? पंख्याखाली?"

"हो ना," भिंगरी म्हणाला. "तुम्हालाही मिळेल. आधी बसमध्ये बसायला शिका."

हसून झालं की तो पुन्हा दाराकडे. काउंटरवरच्या बरण्या तो दिवसातून चार वेळा पुसायचा, डावीकडच्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे. लोकांना ब्रेड देताना पिशवीला नको तितक्या गाठी मारायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की रस्त्यावर येऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. मी वरून बघायचे. कामावाचून माणूस किती चालू शकतो, ते त्या तीन महिन्यांत मी पाहिलं.

बहीण आली ती दुसऱ्या महिन्यात. मी दुकानातच होते. तिने आधी भावाकडे बघितलं, मग आत, मग परत भावाकडे.

"वा! बायको भट्टीवर आणि नवरा पंख्याखाली. हे कधीपासून?"

"झाले दिवस," भिंगरी म्हणाला.

"हौस म्हणायची का? मूल नाही बाळ नाही, मग वेळ जायला काहीतरी हवंच की माणसाला." हे आत ऐकू जाईल इतक्या आवाजात. "त्यापेक्षा तोच वेळ डॉक्टरकडे घालवला असता तर."

भिंगरीने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला ते माहीत होतं. मग त्याने तोंड मिटलं आणि बहिणीच्या पिशवीला एक, दोन, तीन गाठी मारल्या. आत ट्रे सरकल्याचा मोठा आवाज झाला. त्या दिवशीचे पाव मात्र अगदी सारखे भाजलेले होते, सगळीकडून.

तीन महिने झाले आणि रिपोर्ट आला. शुक्राणू फार नव्हते, पण होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल, यातून आपण निवडू. आता वहिनीची इंजेक्शनं सुरू होणार होती. रोज एक, पोटात, ठरलेल्या वेळी, दहा-अकरा दिवस, म्हणजे एरवी महिन्याला एकच तयार होणारी स्त्रीबीजं एकदम आठ-दहा तयार होतील. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात दिलं, बाकीची थंड पिशवीत घालून घरी दिली आणि सिस्टरने भिंगरीला टोचायला शिकवलं. तो शिकताना एवढा घाबरला की सिस्टरने त्याला संत्र्यावर सराव करायला लावला. सहा संत्री टोचून तो घरी आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "आता हे माझं काम. तू हात लावायचा नाहीस." तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी काम मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पावणेअकरा वाजले असतील, तो माझ्या दाराशी. हातात औषधाचं खोकं.

"काकू, यातला कागद जरा वाचा ना. अक्षर फार बारीक आहे."

अक्षर बारीक होतं, पण भिंगरीची नजर अशी, की रस्त्यापलीकडच्या बसची पाटी वाचेल. मी चष्मा लावला. "काय बघायचंय?"

"ते ठेवायचं कसं, ते."

मी वाचलं. फ्रिजमध्ये ठेवावे. गोठवू नये. गोठल्यास वापरू नये.

त्याने खोकं हलवून पाहिलं. मग म्हणाला, "आणि गोठून परत नीट झालं असेल तर?"

"तू काय केलंस?"

त्याने जे केलं होतं ते कुठल्याही बेकरीवाल्याने केलं असतं, आणि दुसऱ्या कुणीच केलं नसतं. त्याच्याकडे दोन यंत्रं आहेत. एक काचेचा फ्रिज, त्यात केक आणि रोजचं यीस्ट. दुसरा मागचा मोठा फ्रीझर, त्यात पुढच्या महिन्यांचं यीस्ट आणि लोणी. फ्रिजमधलं यीस्ट पंधरा दिवसांत मरतं, फ्रीझरमधलं सहा महिने जिवंत राहतं. काचेच्या फ्रिजचं दार दिवसातून शंभर वेळा उघडतं. एवढी मोलाची वस्तू तो तिथे ठेवेल? त्यातून डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं, की जास्तीचे गर्भ गोठवून ठेवतात, वर्षानुवर्षं काही होत नाही. मग त्याने इंजेक्शनं फ्रीझरमध्ये लोण्याच्या मागे, सगळ्यात सुरक्षित कोपऱ्यात ठेवली. सकाळी बघतो तर आतलं औषध काचेसारखं गोठलेलं. मग त्याने दुसरं तेच केलं जे बेकरीवाला करतो. भट्टीच्या भिंतीला लागून एक उबदार फळी आहे, तिथे पीठ फुगायला ठेवतात. त्या फळीवर फडक्याखाली ती खोकी ठेवली, हळूहळू ऊब लागावी म्हणून.

"आता परत पाण्यासारखं झालंय," तो म्हणाला. "बघा ना. काही फरक दिसतो का?"

"टोचणार होतास?"

"अकराची वेळ आहे." त्याने खोकं या हातातून त्या हातात घेतलं. "काकू, तिला नका सांगू. तीन महिने तिने हात भाजून घेतलेत. आणि माझ्याकडे एक काम होतं. एकच."

"तू सांगतोस की मी सांगू?"

तो उभा राहिला. जिना उतरला, तीन पायऱ्या परत चढला, परत उतरला. मी चपला पायात घातल्या आणि त्याच्या मागे गेले.

खाली नेमकी गर्दी. कंडक्टर होता, दोन-तीन जण होते आणि बहीण होती, पिशवी काउंटरवर ठेवून. वहिनी हात पुसत आतून बाहेर येत होती. अकराला पाच कमी.

भिंगरीने तिला बाजूला घ्यायला हवं होतं. पण त्याला धीर राहिला नसावा. तो दारातूनच म्हणाला, "इंजेक्शनं गोठली. मी फ्रीझरमध्ये ठेवली होती. वाया गेली."

वहिनीने काउंटर धरला.

"कसली इंजेक्शनं?" बहीण. मग तिच्या लक्षात आलं. "अच्छा, म्हणजे आता ते सुरू केलंय. आणि त्यातही याची धावपळ. माझ्या भावाने अजून किती नाचायचं गं तुझ्यापायी? दोष एकीचा आणि—"

"ताई, दोष माझा आहे."

"हो रे, फ्रीझरमध्ये तू ठेवलीस, पण मुळात—"

"फ्रीझरचं नाही म्हणत मी. मुळातलंच म्हणतोय. माझ्यात आहे. तिच्यात काही नाही, कधीच नव्हतं. भट्टीने झालं म्हणतात. म्हणून मी इथे उभा आहे आणि ती तिथे. म्हणजे, ती इथे आणि मी... कळतंय ना तुला?"

 कंडक्टरच्या हातात बन तसाच राहिला. भिंगरीचे कान भट्टीसमोर व्हायचे तसे लाल झाले होते. नऊ वर्षं वहिनीच्या बाजूने जे कुणी बोललं नव्हतं ते चार गिऱ्हाइकांसमोर आलं, आणि त्याचं कौतुक करायला एकीलाही सवड नव्हती, कारण वहिनी म्हणाली, "ते नंतर. आधी फोन लावा."

डॉक्टरबाई फोनवर ओरडल्या नाहीत, उलट फार शांत बोलल्या, त्याने तो जास्तच घाबरला. गोठलेलं एकही वापरायचं नाही. आजचा डोस दोनच्या आत गेला तर काही बिघडलं नाही. पण दवाखान्यातला साठा संपलाय, नवीन घेऊन येणारी गाडी उद्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात मिळेल, मी कळवून ठेवते.

"बस नाही आता तिकडे," भिंगरी म्हणाला. "रिक्षा..."

"बसचं मला सांगता?" कंडक्टर म्हणाला. त्याने बन खिशात कोंबला आणि स्कूटरची किल्ली काढली. "चला. बसा मागे."

ते गेले. गिऱ्हाइकं थांबलेली होती. वहिनी स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होती. मी काउंटरमागे जायला निघाले, तर त्याआधीच बहीण आत शिरली, एक शब्द न बोलता, आणि पहिल्या माणसाला विचारलं, "ब्रेड की बन?"

बारा वाजले. साडेबारा. आत भट्टीत पाव होते, ते काढायला वहिनी उठली. बहिणीने मागून जाऊन तिच्या हातातून फळकं घेतलं आणि तेव्हा तिला वहिनीचे हात दिसले. कोपरापर्यंत जुन्या-नव्या भाजल्याच्या पट्ट्या, एकीखाली एक.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"तुम्ही विचारत नव्हतात, ताई," वहिनी म्हणाली. "तुम्ही सांगत होतात."

बहीण भट्टीकडे वळली. तिने पाव काढले. अर्धे जळाले.

पावणेदोनला स्कूटर आली. भिंगरीला सुईचं टोपण काही केल्या निघेना, तशी वहिनी म्हणाली, "आणा इकडे," आणि तिने स्वतःच टोचून घेतलं. मग म्हणाली, "उद्यापासून तुम्हीच द्या. पण फ्रिजला हात मी लावणार."

अकराव्या दिवशी बीजं काढली. नऊ निघाली, सहांत गर्भ धरला, पाचव्या दिवसापर्यंत चार टिकले. हे आकडे रोज सकाळी फोनवर यायचे आणि दिवसभर त्या दोघांच्या चेहऱ्यावर असायचे. चारांतला एक वहिनीच्या पोटात सोडला, तीन गोठवले. आता चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी.

भिंगरीचं काम संपलं होतं, तो परत भट्टीवर गेला. पण खुशीने नाही. ट्रे सरकवायचा आणि दाराशी यायचा. "जमलं नाही तर परत तीन महिने बाहेर राहावं लागेल का? मग आत आलो ते चुकलं का?" हे त्याने मला दिवसाआड विचारलं. वहिनी काउंटरवर बसायची आणि मधूनच हात पोटावर न्यायची आणि कोणी बघतंय का ते पाहून काढायची. बहीण रोज यायची. काही बोलायची नाही, यायची आणि बसायची. त्यापेक्षा ती पूर्वीसारखी बोलली असती तर बरं, असं वहिनी मला हळूच म्हणाली.

चौदाव्या दिवशी दुपारी फोन आला. नाही.

वहिनीने फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ब्रेड दिला. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं. भिंगरी आतून आला नाही. पाव जळाल्याचा वास आमच्या मजल्यापर्यंत आला तरी आला नाही. शेवटी मी गेले. तो भट्टीच्या उघड्या तोंडापासून चार हात लांब, खडूच्या रेघेच्या अलीकडे उभा होता.

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंकडे मी त्यांच्याबरोबर गेले. बाई म्हणाल्या, तीन आहेत की अजून, गोठवलेले. भिंगरी एकदम बोलला, "गोठलेलं औषध तुम्हीच फेकायला लावलंत."

"औषध वेगळं, हे वेगळं."

"किती थंड असतं ते?"

"उणे एकशे शहाण्णव."

"माझा फ्रीझर उणे अठरा."

"म्हणून तर तुमच्यावर सोपवलं नाही," बाई म्हणाल्या. वहिनी इतकी हसली की बाहेरच्या सिस्टरने आत डोकावून बघितलं. भिंगरी हसला नाही. त्याला खरंच विश्वास नव्हता. गोठून परत उबेला आलेली वस्तू दिसायला तीच असते आणि आतून संपलेली असते, हे त्याने हातात धरून पाहिलं होतं.

दोन महिन्यांनी, वहिनीचं शरीर गोळ्यांनी तयार करून, गोठवलेल्या तिनांतला एक गर्भ बाहेर काढला. तो उबेला आला आणि तासाभरात विरून गेला. भिंगरी म्हणाला, "मी सांगत होतो." डॉक्टरबाईंनी दुसरा काढला. दुसरा टिकला. तो आत सोडला.

त्या चौदा दिवसांबद्दल काय लिहू? दहाव्या दिवशी त्याने पिठात दोनदा मीठ घातलं. बाराव्या दिवशी घालायचंच विसरला. कंडक्टर म्हणाला, सरासरी बरोबर आहे.

पंधराव्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा वहिनीने तो भिंगरीच्या हातात दिला. तो "हो, हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवला. "काय?" वहिनी म्हणाली. "हो म्हणाले," तो म्हणाला, आणि परत फोन लावला, आपण नीट ऐकलं ना ते विचारायला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सुरळीत झालंही, पण ते नंतर कळलं. त्या महिन्यांत प्रत्येक दिवस वेगळा मोजायचा होता. सातव्या आठवड्यात ठोके ऐकायची तारीख, बाराव्यात सोनोग्राफी, विसाव्यात मोठी सोनोग्राफी, मधे रक्त दिसलं म्हणून धावत जायची तारीख जी कुणी दिली नव्हती. एक झाली की दुसरी. भिंगरी पुढच्या तारखेपलीकडचं काही बोलायचाच नाही. बहिणीने एकदा बाळाचं झबलं शिवून आणलं, तर त्याने ते परत पाठवलं. "अजून नको ताई." तिने ते मुकाट्याने नेलं.

बाळ आठ दिवस आधीच आलं, भर दुपारी. इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही तिघं होतो, मी, बहीण आणि येरझाऱ्या घालणारा तो. दार उघडून एक तरुण सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी झाली. दोघी छान आहेत. वडील कोण?"

भिंगरी भिंतीला टेकून उभा होता. तो त्या व्हरांड्यात दुसरं कुणी आहे का, ते बघायला लागला.

"अरे, तू!" बहिणीने त्याला ढकललं. ती ढकलतच राहिली.

तो आत गेला. आम्ही दाराशी उभ्या राहिलो. वहिनी डोळे मिटून पडलेली, केस कपाळाला चिकटलेले, आणि तिच्या कुशीत ते गाठोडं, तोंड उघडून सगळ्या जगावर खेकसणारं. भिंगरी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग सरळ झाला आणि सिस्टरकडे वळला. त्याचे डोळे वाहत होते, पण आवाज अगदी कामाचा होता.

"आता पुढची तारीख?"

"कसली तारीख?" सिस्टर म्हणाली.

"म्हणजे परत कधी यायचं? काय तपासायचंय?"

"सहा आठवड्यांनी लस. तोवर काही नाही."

"काहीच नाही?"

"घरी न्या, दूध पाजा, झोपवा," सिस्टर हसत म्हणाली. "दुसरं काय?"

भिंगरीने वहिनीकडे बघितलं. वहिनीने डोळे उघडले होते. "ऐकलंस?" तो म्हणाला. "नुसतं घरी न्यायचं म्हणतायत."

"मग न्या," वहिनी म्हणाली. "पण आधी धरा तिला. माझा हात दुखतोय."